मंडळ म्हणायचं की टोळी

क्लोनडॉकिन,
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, ईमेलला उत्तर देत नाहीस, पण दुकानाचा पत्ता काही बदलला नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. पाकीट आलं की तुझ्या टेबलावर ठेव, एवढंच शिवांगीवहिनीला सांगून ठेवलंय. तिच्यावर चिडू नकोस.

आधीच सांगते, हे पत्र माफीचं नाही. दिवाळी अंकातल्या त्या लेखात मी आपल्या लोहार आळी संरक्षण मंडळाला 'टोळी' म्हटलं, तो शब्द मी मागे घेतलेला नाही. तुझ्याकडे माझं काम आहे. मला जे विचारायचंय ते सांगू शकेल असा माझ्या ओळखीत तू एकटाच आहेस.

मी इथे आयर्लंडमध्ये काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून थोडक्यात. आयटी सोडून मला बरीच वर्षं झाली. आता एका लहान संस्थेत आहे. जिथे यादवी चालू आहे किंवा नुकती थांबली आहे, अशा देशांतल्या सशस्त्र गटांची आम्ही नोंद ठेवतो. गट कोणत्या गावचा, कोणत्या पंथाचा, त्याने काय केलं, आणि शेवटी त्याला म्हणायचं काय. पंथीय मिलिशिया म्हणायचं की स्थानिक रक्षक दल. माझ्याकडे सीरिया आहे. तिथे चार गल्ल्यांची पोरंसुद्धा स्वतःला ब्रिगेड म्हणवतात, आणि त्यांचे शत्रू त्यांनाच खाटीक म्हणतात. आम्ही लिहिलेलं बँका बघतात, सरकारी खाती बघतात. आमच्या दोन शब्दांनी कुणाचं खातं गोठतं, कुणाचा व्हिसा अडतो.

मागच्या आठवड्यात असाच एक माणूस नास गावाहून बस बदलत बदलत ऑफिसात आला. नबील त्याचं नाव. तिकडे त्याचं औषधांचं दुकान होतं, इथे गोळ्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. मी आमच्याकडच्या तक्रारी बघते म्हणून त्याला माझ्यासमोर बसवलं. त्याने फोनवर आमचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

"वाचा," म्हणाला. "मोठ्याने."

मी वाचलं. ऐन सराज रहिवासी समिती. पंथीय मिलिशिया. शेजारच्या कफर लूझ गावावर हल्ला, अकरा नागरिक ठार.

"मी या समितीत होतो," तो म्हणाला. "इथे आश्रय मागताना मीच ते सांगितलं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही पाण्याच्या टाकीवर पहारा द्यायचो, बेकरीला पीठ पोचवायचो. आता बायकोला आणि मुलीला लेबनॉनहून आणायचा अर्ज केलाय, तर इथल्या न्याय खात्याचं पत्र आलं की तुमच्या गटाने खून केलेत, याचं काय म्हणणं आहे? हल्ला वसंतात झाला. मी त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाहेर पडलो होतो."

"मुलगी केवढी आहे?"

"शेवटचं पाहिलं तेव्हा दुधाचे दात पडत होते. आता फोनवर माझ्याशी वाद घालते."

ऐन सराज कोणत्या पंथाचं आणि कफर लूझ कोणत्या, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तू लगेच एक बाजू घेशील, आणि मला तुझी बाजू नकोय, माहिती हवी आहे.

माझी वरिष्ठ मेव्ह. मोनाहनची आहे, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवरची. ती म्हणाली, "तपास जरूर कर. पण त्याला माया लावून करू नकोस." मी म्हटलं, लावणार नाही.

आता प्रश्न. रक्षण करणारं मंडळ ज्या दिवशी दुसरंच काहीतरी होतं, तो दिवस आतल्या माणसाला कळतो का? आपल्या आळीत दंगलीच्या चौथ्या दिवशी काय झालं? मी खिडकीतून जे पाहिलं ते लेखात लिहिलं. तू खाली होतास. तू कधीच काही बोलला नाहीस.

यामिनी

*

क्लोनडॉकिन,
१६ मार्च २०२५

दादा,

पत्र पोचल्याचं वहिनीने कळवलं. तू ते वाचून ड्रॉवरमध्ये टाकलंस, हेही. फाडलं नाहीस, एवढं मला पुरे आहे. पुढचं लिहिते.

मी कामाला लागले. नबीलच्या बाजूने बोलणारे त्याच्याच गावचे होते, त्यांचं म्हणणं मी लिहून घेतलं पण धरून चालले नाही. मला पलीकडच्या गावचं माणूस हवं होतं. महिनाभर फोन करून एक बाई सापडल्या. हिंद त्यांचं नाव, कफर लूझच्या, तिथे शाळेत शिकवायच्या. आता कॉर्कमध्ये असतात. मी गाडी काढून गेले. मुक्ता बरोबर होती, कारण तिच्या बाबाची, पियूषची, शिफ्ट होती. दहा वर्षांची झाली तुझी भाची. मी मराठीत विचारते, ती डब्लिनच्या इंग्लिशमध्ये उत्तर देते. हिंदबाईंनी तिला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं, दार लावून घेतलं आणि मग माझ्याशी बोलल्या.

त्यांच्या काकांना अंगणात मारलं. मारणाऱ्यांच्या दंडाला समितीची हिरवी पट्टी होती. त्यातल्या दोघांना त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता.

"म्हणजे आमची नोंद बरोबर आहे," मी म्हटलं. खरं सांगू? मला हायसं वाटलं. बदलायला नको, भांडायला नको.

"बरोबर आहे, पण अपुरी आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या हिवाळ्यात सैन्याने रस्ता बंद केला तेव्हा याच समितीने आमच्या गावात पीठ पाठवलं होतं. त्यांच्यातला एक पोरगा ते आणताना गोळी लागून मेला. त्याचं नावही तुमच्याकडे नसेल."

नव्हतं.

"मग मी काय लिहू?"

"दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं खोडाल, तर माझ्या नावाने काही छापू नका."

मेव्हला मी हे सांगितलं. आमच्या व्यवस्थेत एका गटाला एकच वर्ग देता येतो. मी म्हटलं, नोंदीचे काळाप्रमाणे दोन भाग करूया. अमुक महिन्यापर्यंत रक्षक दल, त्यानंतर मिलिशिया.

ती म्हणाली, "तू हे दार उघडलंस की उद्या प्रत्येक खुनी गट येऊन सांगेल, आम्ही सुरुवातीला फार चांगले होतो."

"सांगू देत. पुरावा मागू."

"यामिनी, माझ्या काकाला अर्धं गाव आयआरएचा स्वयंसेवक म्हणायचं आणि अर्धं गाव खुनी. घरात आम्ही त्याला नुसतं डेक्लन म्हणायचो. तीस वर्षं झाली, अजून त्याच्या थडग्यावर काय कोरायचं ते ठरलं नाही. तू एका वसंतात ठरवणार?"

"मी माणसाचं ठरवत नाही. समितीने कधी काय केलं तेवढं लिहिणार आहे."

तिने मला वेळ दिला. पण अट घातली की समितीच्या आतला एक तरी साक्षीदार हवा, जो सांगेल की बदल कधी झाला आणि कसा. नबील तर म्हणतो तो तेव्हा नव्हता.

म्हणून पुन्हा तुझ्याकडे आले आहे. आतल्या माणसाला काय विचारायचं हेच मला कळत नाहीये. मी पाहिलं ते असं. याकूब मिस्त्रींचं मोटार वाइंडिंगचं दुकान जळत होतं, आणि तू आळीच्या तोंडाशी हॉकी स्टिक घेऊन दुकानाकडे पाठ करून उभा होतास. मी नववीत होते. ज्यांच्याकडे तू तांब्याची तार गुंडाळायला शिकलास, ज्यांनी तुला पहिलं काम दिलं, त्यांच्या दुकानाकडे तुझी पाठ होती. ते त्या आगीत भाजले आणि आठ दिवसांनी हॉस्पिटलात वारले. साक्षीदार नाही म्हणून केस बंद झाली.

तू चिडलास त्या शब्दावर. त्या पाठीबद्दल बोल.

यामिनी

*

क्लोनडॉकिन,
२७ एप्रिल २०२५

दादा,

वहिनीच्या फोनवरून तू पाठवलेलं ऐकलं. गाडीत ऐकलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. मग मेव्हला निरोप पाठवला की आज उशीर होईल, आणि पुन्हा ऐकलं.

तुझं म्हणणं मला नीट समजलं का ते तपासून बघ. पहिले तीन दिवस मंडळाने खरंच राखण केली. बाहेरचा जमाव दोनदा आला, दोन्ही वेळा तुम्ही परत पाठवलात. याकूब मिस्त्रींनीही तुमच्यासाठी चहा पाठवला. चौथ्या दिवशी दुपारी तिघे जण पेट्रोलचे कॅन घेऊन आले. त्यातला एक परका होता, दोघे आपल्याच मंडळातले. तू म्हणालास, नको. ते म्हणाले, तू फक्त रस्त्याकडे बघ, पोलीस आले तर शीळ घाल. आणि तू रस्त्याकडे बघितलंस.

"मी काडी लावली नाही," तू म्हणतोस. "मी मंडळात होतो, त्यांच्यात नव्हतो. पण यामे, त्या दिवशीही आमच्या सगळ्यांच्या हाताला एकच रुमाल होता. मी तो सोडला नाही. घरी गेलो असतो तर कोणी अडवलं नसतं. तुझ्या कॉम्प्युटरात माझ्यासाठी कुठला रकाना आहे?"

रकाना माणसांसाठी नसतो दादा, गटांसाठी असतो. हे उत्तर पुरेसं नाही हे मलाही कळतं. पण तुझ्यामुळे मला प्रश्न सापडला. इतके दिवस मी नबीलला विचारत होते, तू हल्ल्याला गेला होतास का? विचारायला हवं होतं, तू उभा कुठे होतास?

मी नासला गेले. तिथल्या एका कॅफेत तो कारखान्यातली शिफ्ट संपवून आला. मी सरळ विचारलं.

"कफर लूझला गाड्या गेल्या तेव्हा तू कुठे होतास?"

"मी सांगितलं ना, मी हिवाळ्यातच..."

"नबील, माझा भाऊ अशाच एका मंडळात होता. त्याने मला सांगितलं तो कुठे उभा होता. आता तू सांग."

त्याने कप बशीत नीट मधोमध ठेवला. खूप वेळ तो मधोमध आहे की नाही हेच बघत राहिला.

"नाक्यावर," तो म्हणाला. "रस्ता अडवायची दोरी माझ्या हातात होती. तीन गाड्या आल्या. चालवणारा माझ्या दुकानाशेजारचा न्हावी होता. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, उचल. मी उचलली. परत आल्या तेव्हाही मीच उचलली. नंतर आठवड्याभरात बायको-मुलीला घेऊन निघालो. बायकोला आजपर्यंत सांगितलं नाही."

मग त्याने मला विचारलं की मी हे कुठे लिहिणार.

मी म्हटलं, "समितीच्या नोंदीत लिहीन. तुझं नाव नसेल. पण तू हिवाळ्यात बाहेर पडलास असं पत्र मी आता खात्याला देणार नाही. तुझी तारीख तू दुरुस्त कर, वकील घेऊन कर. मी येईन तुझ्याबरोबर."

"त्यांनी अर्ज फेटाळला तर? माझी मुलगी तिकडेच वाढेल, तुमच्या खरेपणासाठी."

मी म्हटलं, "फेटाळला तर अपील करू. पण चुकीच्या तारखेवर मी सही करणार नाही."

तो बिल देऊन निघून गेला. माझंही बिल त्यानेच दिलं, हे मला जास्त लागलं.

यामिनी

*

क्लोनडॉकिन,
३ ऑगस्ट २०२५

दादा,

फोनवर आपण आता बोलतो, पण तिथे तू पंपांचे भाव आणि मी मुक्ताची शाळा यापलीकडे जात नाही. म्हणून हे लिहून.

नोंद बदलली. मेव्हने तीन बैठका घेतल्या, एकीत माझ्यावर चक्क ओरडली, आणि शेवटी स्वतःच मसुदा दुरुस्त करून दिला. आता ऐन सराज समितीचे दोन भाग आहेत. पहिल्यात पाणी, पीठ आणि पीठ आणताना मेलेल्या पोराचं नाव. दुसऱ्यात कफर लूझचे अकरा जण, हिंदबाईंच्या काकांसकट, नावांनिशी. मधे एक वाक्य माझं आहे: 'या काळात समितीचं नाव, पट्टी आणि बहुतेक सदस्य तेच राहिले.' मेव्ह म्हणाली, हे वाक्य कुणालाच आवडणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच ठेवूया.

नबील दीड महिना माझा फोन घेत नव्हता. मग त्याच्या वकील बाईंचा फोन आला की त्याने नवा जबाब दिलाय, दोरीसकट. खात्याने त्याला दोनदा बोलावलं. त्या हल्ल्याचा तपास करणाऱ्यांपुढे साक्ष देशील का, विचारलं. तो हो म्हणाला, न्हाव्याचं नावही दिलं. मागच्या आठवड्यात बायकोला आणि मुलीला परवानगी मिळाली. पण बायकोला जबाब वाचून दाखवावा लागला, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. ती येतेय. डब्लिनजवळ स्वोर्ड्समध्ये तिची मावसबहीण आहे, आधी तिच्याकडे उतरणार आहे. नबीलकडे जायचं की नाही ते नंतर ठरवणार. त्याने मला हे सगळं उभ्याउभ्या सांगितलं, आभार मानले नाहीत. बरं केलं.

आता आपलं. मी सप्टेंबरात येते आहे. याकूब मिस्त्रींच्या मुलीशी, रुख्सानाशी बोलले. ती आपल्याच गावात शाळेत शिकवते, तुला माहीत असणारच. तिने वकील बघितलाय. केस पुन्हा उघडायचा अर्ज करायचा तर नवा साक्षीदार हवा. मी खिडकीत होते, तेवढं सांगेन. मला दुरून चेहरे दिसले नव्हते. तुला दिसले होते.

तू म्हणशील, त्या दोघांतला एक आता नगरसेवक आहे, दुकान त्याच्या वॉर्डात आहे, पोरांचं कॉलेज इथेच आहे. मला सगळं माहीत आहे. मी इथे सुरक्षित बसून बोलते, हेही तू म्हणशील, आणि ते खरं आहे. म्हणूनच तिथे येऊन बोलणार आहे. तू आलास तर आपण दोघं जाऊ. नाही आलास तर मी एकटी जाईन, आणि तरीही तुझ्याच घरी उतरेन.

यामिनी

*

क्लोनडॉकिन,
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

स्टेशनवर तू मला काही बोलू दिलं नाहीस. बॅग ठेवलीस, पाण्याची बाटली दिलीस आणि गाडी सुटायच्या आधीच वळलास. तेव्हा बोलायचं होतं ते आता लिहिते.

वकिलांच्या ऑफिसात तू शर्टाच्या बाह्या खाली करून, बटणं लावून बसलास, वर्गात बसतात तसा. त्यांनी विचारलं, त्या वेळी तुम्ही कोणत्या संघटनेत होता? तू मंडळाचं पूर्ण नाव सांगितलंस. मग ती दोन नावं सांगितलीस, बापाच्या नावासकट, अजिबात न अडखळता. वकिलांनी पेन थांबवून तुझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "यातलं एक नाव परत घ्यायचं असेल तर आत्ता घ्या." तू म्हणालास, "लिहा."

पुढे तू मला खाली पाठवलंस, रिक्षा थांबवून ठेव म्हणून. तुला वाटतं मी रिक्षात होते. नव्हते. मी जिन्यात होते, आणि वरच्या पॅसेजमध्ये तू आणि रुख्साना बोललात ते मी ऐकलं. हे तुला कळायला हवं.

तिने विचारलं, "अब्बा काही बोलले का तेव्हा? आम्ही मामाकडे होतो. हॉस्पिटलात त्यांना बोलता येत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

मला वाटलं तू 'काही नाही' म्हणशील. मी असते तर तेच म्हटलं असतं.

तू म्हणालास, "मला हाक मारत होते. आशू म्हणून. शटर उचल, आशू."

रुख्सानाच्या पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मग तिने विचारलं, "किती वेळा?"

"तीन," तू म्हणालास. "नंतर नाही."

"हे आत लिहून दिलंत का?"

"नाही."

"मग चला," ती म्हणाली. "परत आत चला. मी बसते तुमच्या शेजारी."

आणि तुम्ही दोघं आत गेलात. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. मी त्याला पैसे देऊन जायला सांगितलं आणि पायरीवर बसून राहिले, तुम्ही बाहेर येईपर्यंत.

परवा वहिनीचा फोन आला. दुकानावर दोन माणसं येऊन गेली, गोड बोलून गेली. महापालिकेची नोटीसही आली म्हणे, बोर्ड चार इंच पुढे आहे अशी. वकिलांना दोन्ही कळवलंय. तू बोर्ड मागे घेतलास आणि सकाळी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलंस, असं ती म्हणाली. ऐकून मी ऑफिसच्या पार्किंगमध्येच खूप रडले, मग वर गेले आणि काम केलं.

अर्जावर डिसेंबरात सुनावणी आहे. मी तिकीट काढलंय, मुक्तालाही आणते. तिला सगळं सांगितलंय, मराठीतून. ती पहिल्यांदाच मराठीत बोलली, म्हणाली, मामाला भीती वाटते का?

मी म्हटलं, वाटते. आणि तरी तो कोर्टात येणार आहे.

यामी